चार बोटं उजवीकडे

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. घरात कुणाला हे सांगावं लागत नाही, बाजारातही नाही. पण तुम्ही नवीन आहात, आणि पुढचं सगळं त्या तापटपणातूनच झालेलं आहे.

बंदुका दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यातही बंदुकीवर स्कोप बसवावा तो मीच, असं म्हणणारी माणसं लांबलांबहून येतात. येत होती म्हणा हवं तर. स्कोप बसवायचा म्हणजे दुर्बीण ठेवली आणि स्क्रू आवळले, असं ज्यांना वाटतं त्यांना मी पायरीवरूनच परत पाठवतो. बंदूक आधी व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, धरायची. तिच्या पाठीवरच्या सपाट पट्टीवर पाणसळ आडवी ठेवायची. ही पाणसळ माझ्या वडिलांची, पितळेची, वीतभर लांब, मधे काचेची नळी आणि नळीत बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की बंदूक सरळ उभी आहे असं समजायचं. मग समोरच्या भिंतीवर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीकडे स्कोपमधून बघायचं आणि आतली उभी तार त्या दोरीवर तंतोतंत बसेपर्यंत स्कोप केसाकेसाने फिरवायचा. बंदूक सरळ, तार सरळ, दोघांचं जमलं, की मगच स्क्रू.

वडिलांचा आणखी एक नेम होता. दर सोमवारी दुकान उघडलं की चहाच्या आधी ते पाणसळ बाकावर ठेवायचे, बुडबुडा बघायचे, मग तिची टोकं बदलून तीच पाणसळ त्याच जागी ठेवायचे आणि परत बघायचे. बुडबुडा तिथल्या तिथे राहिला तर पाणसळ खरी. सरकला तर ती खोटं बोलतेय. तीस वर्षं मी हा सोहळा बघितला आणि तीस वर्षांत बुडबुडा एकदाही हलला नाही. वडील गेले आणि मी तो नेम सोडून दिला. म्हटलं, किती दिवस देवासारखी फिरवत बसायची!

आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक गिऱ्हाईक बाकावर कोपर टेकून मला म्हणालं, "पलीकडच्या दुकानात हे काम दहा मिनिटांत होतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तिकडेच मरा!" म्हणून मी बाकावर जो हात आपटला, त्याने पाना, तेलाची बाटली आणि पाणसळ, सगळं फरशीवर. गिऱ्हाईक गेलं. मी पाणसळ उचलली, सदऱ्याला पुसली, काच फुटली नाही हे बघितलं आणि ठेवून दिली. पितळेला काय होतंय!

त्याच आठवड्यात मी टिटवीचा स्कोप बसवला.

टिटवी म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी. लहानपणी तिचं ओरडणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं, म्हणून मीच ते नाव ठेवलं. अशी पोरगी पालथी पडून श्वास धरून सहाशे मीटरवरच्या निशाणावर गोळ्या मारायला लागली, तेव्हा ताई म्हणाली, "गप्प बसायला शिकली, एवढं तरी झालं." पण ती चांगली होती हो! शंभर मीटरवर तर एकाच भोकात तीन गोळ्या. सहाशेवर गेली की मात्र गोळी उजवीकडे जायची. फार नाही, चार बोटं. पण त्या खेळात चार बोटं म्हणजे निवड हुकली.

तिचे सर म्हणाले, तुला वारा वाचता येत नाही. सहाशे मीटरवर वारा गोळीला ढकलतो, झेंड्याकडे, गवताकडे बघून त्याचा अंदाज घ्यायचा असतो, आणि टिटवीचा अंदाज म्हणे कायम चुकतो. वर्षभर ती हेच ऐकत होती. एक दिवस भर दुपारी दुकानात आली. चार गिऱ्हाइकं बसलेली. म्हणाली, "मामा, एकदा स्कोप बघ ना. मला आतली तार कलती वाटते."

मी काय म्हणालो ते शब्द मला पाठ आहेत. "तार कलती नाही, तुझ्या मैदानावरच्या निशाणाची चौकट कलती असेल. हत्याराला नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपले हात आरशात बघावेत. हा स्कोप मी बसवलाय, मी!" चारही गिऱ्हाइकं हसली. ती हसली नाही. बंदूक पेटीत ठेवली आणि निघून गेली. त्यानंतर तिचा आवाज बसला तो बसलाच. घरी आली तरी हो, नाही, बरं, एवढंच. मला वाटलं, पोर मोठी झाली.

मध्यंतरी मी तिच्या बंदुकीच्या दस्त्यावर चिकटपट्टी बघितली होती. तिच्यावर पेनाने लिहिलं होतं: 'डावीकडे चार. तू चुकतेस.' गाल टेकवला की बरोबर डोळ्यासमोर येईल अशी लावलेली. मी म्हटलं, शाब्बास, स्वतःची चूक ओळखली! असं मोठ्याने म्हटलं मी. जीभ झडली नाही माझी.

तर त्या शनिवारची सकाळ. टिटवीची निवड त्याच दिवशी होती, दहाला एक फेरी आणि दुपारी दोनला दुसरी, दोन्ही सहाशेवर. संघात चौघांना घेणार होते. आदल्या दिवशी ताईने फोनवर सांगितलं होतं, "या वेळी नाही झालं तर बंदूक विकणार म्हणतेय. गिऱ्हाईकही बघून ठेवलंय." मी म्हणालो होतो, "विकू दे, सुटेल बिचारी."

साडेनऊला शेजारचा सुतार आला. त्याची पाणसळ हरवली म्हणून त्याने दोन दिवसांपूर्वी माझी नेली होती. मी कुणाला देत नाही, पण तो चिकट माणूस, पाठच सोडेना. पाणसळ बाकावर ठेवून म्हणाला, "घ्या तुमची म्हातारी. दवाखान्याचं दार तीनदा बसवलं मी हिच्या भरवशावर. तिन्ही वेळा आपोआप उघडलं. डॉक्टर मला वेड्यात काढतायत."

"तुला दार बसवता येत नाही, त्याला पाणसळ काय करणार?"

"अहो, ही आंधळी झालीय."

"ए, तोंड सांभाळ! माझ्या वडिलांची आहे ती."

"वडील चांगलेच होते. ही बिघडलीय." सुतार शांत माणूस, शांत माणसांचा मला भारी राग येतो. त्याने पाणसळ माझ्याच बाकावर ठेवली. बुडबुडा एका कडेला. त्याने तिची टोकं बदलून पुन्हा तिथेच ठेवली. बुडबुडा सरळ दुसऱ्या कडेला जाऊन बसला.

मी त्याच्या हातातून ती ओढून घेतली आणि स्वतः फिरवली. मग काचेवर ठेवली, फिरवली. फरशीवर ठेवली, गुडघे टेकून फिरवली. सुतार म्हणाला, "पडली होती का हो कधी?"

मला तो हात आपटल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि त्यानंतरचा आठवडा, आणि त्या आठवड्यात व्हाइसमध्ये धरलेली टिटवीची बंदूक. पाणसळ म्हणत होती बंदूक सरळ, आणि बंदूक होती कललेली. त्या कललेल्या बंदुकीवर मी तार ओळंब्याला लावून स्क्रू आवळले होते. टिटवी मैदानावर बंदूक सरळ धरायची. तिच्या बंदुकीवर सरांनी दिलेला एक छोटा बुडबुडा होता, तो बघून अगदी प्रामाणिकपणे सरळ धरायची. मग आतली तार कलायची. शंभरावर त्याने काही बिघडत नाही. पण सहाशेवर गोळी खाली पडते, म्हणून स्कोपची उंचीची चकती वर फिरवली की गोळी तारेच्या दिशेने वर जाते, आणि तारच उजवीकडे कलली असेल तर गोळीही वर जाता जाता उजवीकडे जाते. चार बोटं. मी कागदावर हिशेब करून बघितला. चार बोटंच आली. बाकीची माझी गिऱ्हाइकं दोनशेच्या पुढे जातच नाहीत, त्यामुळे दोन वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही.

टिटवीला फोन लावला. बंद. मैदानावर फोन फाटकाशीच काढून घेतात. खरं सांगू? फोन लागला नाही तेव्हा मला एक क्षण बरं वाटलं.

दुकानाला कुलूप लावलं, बस पकडली. दीड तासाचा रस्ता. मला बसवेना. सीट रिकामी असून मी दांड्याला धरून उभा. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा की, सीटचे वेगळे पैसे नाहीत." बसलो. दोन थांब्यांनी परत उठलो. खिडकीबाहेर जिथे जिथे झाड दिसे तिथे तिथे पानं कुठे हलतायत ते बघत होतो, जणू गोळी मलाच मारायची होती.

आणि डोक्यात वकिली चालू. मन म्हणत होतं, अरे, सांगायची गरजच काय? पोरीने पट्टी लावून घेतलीय, चार बोटं डावीकडे घेते, गोळी जागेवर जाते. तुझी चूक तिने भरून काढली, खेळ खल्लास. दुसरं मन म्हणे, गुपचूप स्कोप सरळ करून दे, साफ करायला नेतो म्हणून. पण मग पट्टी तिला चार बोटं डावीकडे पाडणार, आणि ती पुन्हा स्वतःलाच बोल लावणार. म्हणजे एक तर जन्मभर तोंड शिवून बसायचं, नाहीतर सगळं सांगायचं. मधली वाट मी दीड तास शोधली. ती नव्हती.

आणि गोळी जागेवर जाते हेही खोटंच. वारा डावीकडून असला की ती गोंधळायची. डोळ्यांना दिसायचा एक वारा, पट्टी सांगायची, तू चुकतेस. मग ती सरांच्या तोंडाकडे बघायची. मी स्वतः बघितलं होतं तिला तसं करताना.

पोहोचलो तेव्हा पहिली फेरी संपली होती. फळ्यावर नावं लागलेली, टिटवी सातवी. पत्र्याच्या छपराखाली बंदूक मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून चटकन उभी राहिली.

"मामा? आईला काही झालं का?"

"आई ठणठणीत आहे. चहा घेतलास?"

"तू चहा विचारायला एवढ्या लांब आलास?"

मी बूट बघितले, छप्पर बघितलं. शेजारी तिचे सर गुणांचा कागद घेऊन उभे होते, आणखी दोघं-तिघं खेळाडू होते. बाहेर चल, असं म्हणणार होतो. मग आठवलं, तिला बोललो तेव्हा दुकानात चार माणसं होती.

"टिटवे, तुझा स्कोप मी वाकडा बसवलाय. पाणसळ पडली होती माझ्या हातून, मी तपासली नाही. ती चार बोटं माझी आहेत. तू वारा बरोबर वाचतेस."

तिने हळू विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"गेल्या वर्षीच्या निवडीत?"

"हो."

"त्याच्या आधीच्या?"

"हो गं."

"आणि मी दुकानात आले होते तेव्हा? तार कलती आहे म्हणाले तेव्हा?"

"तेव्हा तार कलतीच होती."

मग टिटवी ओरडली. लहानपणीसारखी, सगळ्या मैदानाने माना वळवाव्यात अशी. "मी तुला सांगितलं होतं! मी सांगितलं होतं, मामा! तू सगळ्यांसमोर माझं हसं केलंस! वर्षभर मी रोज आरशासमोर स्वतःला सांगतेय की तुझे डोळे खोटं बोलतात! मला झेंडा दिसायचा, गवत दिसायचं, सगळं दिसायचं, आणि मी म्हणायचे, नाही, तुला काही कळत नाही! मला रस्ता ओलांडायचीसुद्धा भीती वाटायला लागली होती, माहितीय तुला? माहितीय?"

मला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यावर ओरडत होतं आणि मी ते ऐकून घेत होतो. सर पुढे आले. त्यांचाही चेहरा उतरला होता. म्हणाले, "मीही तिला तेच सांगत होतो." टिटवी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "हो, तुम्हीही!" ते बिचारे गुणांच्या कागदाची घडी करत बसले.

मग तिने बाहीने तोंड पुसलं आणि बंदूक माझ्या छातीशी धरली. "आता काय करायचं ते सांग. दोनला फेरी आहे."

स्कोप काढून बसवला असता तर निशाण शंभरापासून नव्याने जुळवावं लागलं असतं, आणि तेवढ्या गोळ्या तिथे मारू देत नाहीत. पण स्कोपला हात लावायची गरजही नव्हती. मी तिच्या पाण्याच्या बाटलीला दोरी बांधून छपराच्या पार टोकाला टांगली, झाला ओळंबा. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर ठेवून आतली तार त्या दोरीवर आणली. तार सरळ झाली आणि तो छोटा बुडबुडा बाजूला गेला. आता बुडबुड्यालाच तारेच्या बाजूने वळवायचं, म्हणजे त्याच्या एका अंगाखाली पातळसं काहीतरी सरकवायचं. मी खिसे चाचपले. बसचं तिकीट निघालं, ते फारच पातळ.

टिटवीने दस्त्यावरची चिकटपट्टी नखाने सोडवली. ती निघेना, वर्षभर घामाने बसलेली. शेवटी निघाली. तिची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हे घाल."

मी घातलं. स्क्रू आवळला. बुडबुडा मधोमध आला, तार दोरीवर. सर म्हणाले, "चाचणीच्या दोन गोळ्या मिळतील. त्यात काय ते बघ." ती म्हणाली, "पुरे."

दोनला ती आडवी झाली. मी मागे येरझारा घालत होतो, तेव्हा रखवालदाराने येऊन सांगितलं, "एका जागी उभे राहा, नाहीतर फाटकाबाहेर." उभा राहिलो, पण पाय आतल्या आत चालतच होते. झेंडा डावीकडून फडफडत होता, मधेच पडत होता. टिटवीने डोकं उचललं. मला वाटलं, आता सरांकडे बघणार. तिने झेंड्याकडे बघितलं, गवताकडे बघितलं आणि वाऱ्याची चकती फिरवली. तीन खटके. सर माझ्या कानाशी पुटपुटले, "मी दोन दिले असते."

गोळी सुटली. लांबवर खंदकातल्या माणसांनी निशाण खाली घेतलं, वर केलं, गोळी लागली तिथे पांढरी टिकली लावलेली. ना डावीकडे ना उजवीकडे, फक्त जराशी खाली. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि रखवालदाराने पुन्हा बोट दाखवलं.

त्या फेरीत तिच्याइतके गुण कुणालाच पडले नाहीत. पण सकाळचेही गुण मोजतात. दोन्ही मिळून ती पाचवी आली. चौथ्यात आणि तिच्यात दोन गुण होते.

ते दोन गुण कुणी खाल्ले, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. परतीच्या बसमध्ये टिटवी खिडकीशी बसली आणि मी शेजारी. मी म्हटलं, "ओरड ना." ती म्हणाली, "दमलेय."

रविवारी मी अकरा जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून बंदुका परत आणायला सांगितल्या. दोघांनी शिव्या दिल्या, त्या घेतल्या. बायको म्हणाली, "अहो, जेवा तरी." ताट तसंच ठेवून मी उठलो. तिन्हीसांजेपर्यंत मी चार वेळा ताईच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो.

सोमवारी दुकानाशी गेलो तर पायरीवर टिटवी. मांडीवर बंदुकीची पेटी. म्हटलं, आज बंदुकीचा व्यवहार असणार, घेणाऱ्याला स्कोप वेगळा हवा असणार.

"विकतेस?" मी कुलूप काढता काढता विचारलं. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"स्कोप उतरव," ती म्हणाली.

मी पाना घेतला. बंदूक व्हाइसमध्ये धरली. छोट्या बुडबुड्याखालून तिने ती पट्टीची घडी स्वतःच ओढून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"आता परत बसव. नीट. पुढच्या निवडीला अकरा महिने आहेत." मी स्क्रूला हात लावणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. "थांब. आधी पाणसळ."

शनिवारी परतल्यावर सुताराकडून नवी आणवली होती. वडिलांची दाराशी खिळ्याला टांगलीय, येता जाता दिसेल अशी. मी नवी पाणसळ बाकावर ठेवली. बुडबुडा मधोमध. टोकं बदलून ठेवली. बुडबुडा मधोमध.

"परत," टिटवी म्हणाली. आवाज चांगला खणखणीत होता, बाहेर सुताराने रंधा थांबवला.

मी परत फिरवली.

"परत."

मी परत फिरवली.